रेल्वेच्या भरावाखालील मोऱ्यांविषयी जलस्रोत मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलस्रोत मंत्री,
गोवा राज्य, पणजी.

महोदय,

सासष्टीतील माझ्या गावात रेल्वेचा भराव डोंगर आणि खाजन (नदीकाठची, बांध घालून राखलेली खारी शेतजमीन) यांच्या मधून जातो, आणि डोंगरावरून उतरणारे सारे पाणी त्याखालच्या तीन मोऱ्यांतूनच साळ नदीकडे जाते. गेल्या जूनमध्ये मधली मोरी तुंबली. भरावाच्या वरच्या अंगाला असलेल्या माझ्या शेतात सरदाची (पावसाळी भाताची) लावणी होऊन चारच दिवस झाले होते. सगळा तरवा पाण्याखाली कुजला. पाणी ओसरल्यावर मी मोरीच्या तोंडाशी उतरलो, तेव्हा माडाची चुडते, त्यांत अडकलेल्या बाटल्या आणि खाली गुडघाभर लाल माती व रुळांवरची खडी असा बुचाच बसलेला दिसला.

ही मोरी मे महिन्यात उपसली गेली होती, हे मी स्वतः पाहिले आहे. पण उपसलेला गाळ काठावरच राहिला आणि पहिल्या मोठ्या पावसाने तो पुन्हा आत नेला. शिवाय काम रेल्वेच्या हद्दीपाशी थांबले. पुढचा व्हाळ (ओढा) कोणी साफ करायचा हे ठरलेले नसल्यामुळे तो झुडपांनी भरलेलाच राहिला.

खाजनात वेळेला फार किंमत असते. मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातील पाणी सोडण्याच्या वाटेची, दारे ओहोटीला उघडतात आणि भरतीच्या दाबाने मिटतात, त्यामुळे मोरीत अडलेले पाणी उशिरा पोहोचले की पुढची ओहोटी येईपर्यंत ते शेतातच कोंडून राहते. भरावालाही हे घातक आहे, कारण एका अंगाला पाणी तुंबले की आतील बारीक माती धुपते आणि रुळांखालचा आधार ढिला होतो. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वेची वाहतूक बंद पडली होती. तो प्रश्न वेगळा, पण पाण्याकडे वेळीच पाहणे किती गरजेचे आहे, हे त्या वेळी साऱ्या गोव्याने अनुभवले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, मे संपण्यापूर्वी आपल्या खात्याचे अभियंते, रेल्वेचे अधिकारी आणि आम्हा कुळांचे प्रतिनिधी यांनी मोरीच्या वरच्या तोंडापासून मानशीपर्यंत एकत्र चालत पाहणी करावी, व्हाळाचा कोणता भाग कोणी उपसायचा हे तेथेच लेखी ठरवावे आणि गाळ ट्रकने दूर न्यावा. पहिल्या पावसात सर्वाधिक कचरा वाहून येतो, त्यामुळे जूनअखेरीस आणखी एक फेरी व्हावी. वाट दाखवायला मी येईन.

आपला नम्र,
सासष्टीतील एक शेतकरी