'फेथफुली' कोणाला आणि 'रिगार्ड्स' कोणाला?

संपादक महोदय,

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्याच्या पत्रव्यवहार विभागात माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर नौपाड्यातील आमच्या इमारतीतली आणि ओळखीपाळखीची मुले नोकरीच्या अर्जाचे इंग्रजी ई-मेल दाखवायला माझ्याकडे येतात. मजकूर बहुधा ठीक असतो, कारण तो तपासून देणारी साधने आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. घोटाळा होतो तो मजकूर संपल्यानंतर, सहीच्या वरच्या एका ओळीत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. ऐरोलीला नोकरी करणाऱ्या आमच्या शेजारच्या मुलीने सहकाऱ्याच्या वडिलांचे निधन झाल्याचे कळताच सांत्वनाचा मेल लिहिला. चारच वाक्ये होती, पण मनापासून लिहिलेली. त्यांच्याखाली मात्र कंपनीने एकदा बसवून दिलेली कायमची सही आपोआप उमटली: 'थँक्स अँड रिगार्ड्स', नाव, हुद्दा, दूरध्वनी आणि सर्वांत शेवटी निळ्या अक्षरांत 'हॅव अ ग्रेट डे अहेड'. संध्याकाळी ठाण्याच्या लोकलमध्ये तिने तो मेल पुन्हा उघडला तेव्हा तिला घाम फुटला. "काका, आता माफीचा मेल पाठवू का?" असे तिने विचारले. मी म्हटले, मेल नको, उद्या त्याच्या घरी जाऊन ये.

सहीच्या वरची ही समारोपाची ओळ निवडण्याचा नियम ब्रिटिश पद्धतीत अगदी सरळ आहे. सुरुवात 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' अशी नावाशिवाय केली असेल, तर शेवटी 'युअर्स फेथफुली'; आडनाव घालून 'डिअर मिस्टर अमुक' असे संबोधले असेल, तर 'युअर्स सिन्सिअरली'. अमेरिकेत 'फेथफुली' जवळजवळ कोणी लिहीत नाही, तिथे 'सिन्सिअरली' एवढेच पुरते. रोजच्या कामाच्या मेलमध्ये हे दोन्ही जड वाटतात, म्हणून 'काइंड रिगार्ड्स' किंवा 'बेस्ट रिगार्ड्स' आले. नुसते 'रिगार्ड्स' चूक नाही, परंतु पहिल्याच ओळखीच्या मेलमध्ये ते जरा कोरडे लागते. 'थँक्स' मात्र आभार मानण्यासारखे काही असेल तरच लिहावे. थकलेल्या बिलाची तिसरी आठवण करून देताना 'थँक्स अँड रिगार्ड्स' कशासाठी? इंग्रज माणूस सहज 'चीअर्स' लिहून मोकळा होतो, त्याच्या बोलण्यात ते आभारच असतात. आपल्याकडे तो शब्द वाचला की पेलेच डोळ्यांपुढे येतात, तेव्हा वरिष्ठांच्या बाबतीत ती हौस टाळलेली बरी. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे 'युअर्स'मध्ये 'एस'च्या आधी वर स्वल्पविराम नसतो. हे मी नोकरीभर खोडत आलो आणि अजूनही खोडतोच आहे.

खरे तर मराठी माणसाला हे शिकवावे लागू नये. 'तीर्थरूप' असा मायना घातला की शेवटी 'आपला आज्ञाधारक' येणार, 'चिरंजीव'ला 'अनेक आशीर्वाद' जाणार आणि बरोबरीच्या स्नेह्याला 'कळावे, लोभ असावा ही विनंती', हे आमच्या पिढीच्या हातात बसलेले होते. वडिलांना लिहिलेल्या पत्राखाली चुकून आशीर्वाद गेले असते, तर घरात वर्षभर चेष्टा झाली असती. मायना आणि शेवट एकमेकांना धरून असतात, ही जाण आपल्याकडे मुळातच आहे. इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र आपण ती बाजूला ठेवतो आणि शाळेत रजेच्या अर्जाखाली पाठ केलेले 'युअर्स ओबीडिअंटली' तिशीतही लिहीत राहतो. ज्याने अजून नोकरीवर घेतलेले नाही, त्याचे आज्ञाधारक आपण कसे?

याच्या उलट टोकाचा अनुभवही सांगतो. वीस दिवस पाठपुरावा केलेल्या माझ्या एका तक्रारीला एका कंपनीचे उत्तर आले, त्याखाली 'वॉर्म रिगार्ड्स, टीम' एवढेच होते. ऊब होती, माणूस नव्हता. पुढचा मेल कोणाच्या नावाने लिहायचा, हे मला अजून कळलेले नाही. तूर्त 'डिअर सर ऑर मॅडम' आणि 'युअर्स फेथफुली' यांवरच भागवतो आहे.

दहावीच्या इंग्रजीत पत्रलेखन शिकवले जाते, तिथे नमुना पाठ करून घेण्याऐवजी एकच मजकूर मुख्याध्यापकांना, अनोळखी कंपनीला आणि मामाला लिहायला लावून तिन्हींचे शेवट वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहून घ्यावेत, अशी शिक्षकांना विनंती आहे. आणि कंपन्यांच्या संगणक विभागांनी त्या कायमच्या सहीतून निदान शुभेच्छा तरी काढून टाकाव्यात. नाव, हुद्दा आणि क्रमांक पुरेसा आहे, वरची ओळ ज्याची त्याला लिहू द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पत्रव्यवहार लिपिक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)