नारळ आखाड्याबाहेर फोडायला लावणाऱ्या वस्तादांना

वस्ताद, रामराम.

यात्रेच्या कुस्ती मैदानात आमच्या तालमीची पोरं लढली. काही जिंकली, काही चितपट झाली, पण सगळी आपल्या पायांनी चालत घरी आली. त्याचे हे जाहीर आभार. बक्षिसांचे आकडे बॅनरवर ठळक छापतात, आखाड्याची माती कोणी तयार केली ते कुठंच छापत नाहीत.

भागातली मैदानं मारून जगणाऱ्या पैलवानाला ना पगार, ना विमा. खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांची, त्यावरच पावसाळ्यातलं दूध-तूप-बदाम. ऐन हंगामात गुडघा गेला की वर्ष गेलं. आणि गुडघा समोरच्या जोडीदारापेक्षा मातीच जास्त मोडते. नांगरटीवर मुरूम पसरून वर वीतभर लाल माती टाकली की खाली ढेकळं तशीच राहतात. पाय रुततो, अंग फिरतं, लिगामेंट तुटतं. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढायला, गुडघा टेकावा तर खडा कातडं सोलतो, ढाक हा फेकायचा डाव बसला तर खांदा थेट कडक भुईवर. पाणी जास्त झालं तर पाय सरकतो, कमी पडलं तर डोळ्यांत धुरळा. हलगी, फटाके आणि पाहुण्यांच्या फेट्यांवर पैसा उधळलेल्या कमिट्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. त्यांच्याकडं माती चाळायला साधी चाळण नसायची!

तुम्ही आदल्या दिवशीच फूटभर माती चाळून घेतलीत. ताक, तेल, हळद कालवून पाणी मारलं, सकाळी पुन्हा खोऱ्यानं उकरून सारखी केली. कडेची चार हात जागासुद्धा भुसभुशीत, कारण झटापटीत जोड ओढत ओढत कडेलाच जाते. हे जाणत्याचं काम झालं.

पण मनात राहिलं ते वेगळंच. आखाडापूजनाला पाहुणे नारळ घेऊन मधोमध उभे, फोटोवाले तयार, आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, बाहेरच्या दगडावर फोडा, पोरं अनवाणी उतरणारेत." करवंटीची कपची लाल मातीत दिसत नाही, तळपायात घुसल्यावरच कळते. साहेबांचा चेहरा उतरला, तरी तुम्ही हलला नाहीत. मग स्वतः वहाणा काढून आखाडाभर पाय घासत फिरलात.

मोठ्या नावांच्या पैलवानांसाठी असं करणारे भेटतात. तुम्ही ते केलंत तेव्हा पहिली जोड नुसत्या नारळाच्या बक्षिसावर लढणाऱ्या चिमुरड्यांची होती. नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती लावून टाळ्या घेणाऱ्यांच्या गर्दीत अशी माणसं अजून आहेत, म्हणून आईबाप पोराला तालमीत पाठवायला धजतात.

पुढच्या यात्रेला आमची पोरं चाळण्या-खोरी घेऊन आदल्या दिवशी दुपारीच येतील. कमिटीला तेवढं सांगून ठेवा. भाकरी आम्ही बांधून आणू.

आपले,
तालमीतले सगळे