तक्रार : सीलबंद ड्राइव्ह उघडत नाही, आणि सील तुम्हीच काढू शकता हे आज कळलं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : शाळेच्या जनरल रजिस्टरांची (मुलांच्या प्रवेशाच्या, नाव-जन्मतारखेच्या नोंदवह्यांची) सीलबंद ड्राइव्ह, म्हणजे एकदा लॉक केल्यावर आतलं बदलता-पुसता येत नाही म्हणून विकलेली

आत्ता पावणेचारला तुमच्या माणसाने फोन ठेवला. हा आठवा फोन. यापुढे फोन करणार नाही, लेखी देते आणि लेखीच उत्तर हवं.

जूनमध्ये ऑफिसचा कॉम्प्युटर बदलला. तेव्हापासून ड्राइव्ह जोडली की हिरवा दिवा लागतो, तुमचं रीडर (आतलं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘परवाना नूतनीकरण आवश्यक’ एवढंच दाखवतं आणि बंद होतं. विकताना तुमच्या प्रतिनिधीने मुख्याध्यापकांसमोर सांगितलं होतं, एकदा लॉक केलं की शंभर वर्षं बघायला नको. रीडरला परवाना लागतो आणि तो संपतो, हे ना बिलावर आहे ना पुस्तिकेत.

आत काय आहे ते प्रत्येक फोनवर पहिल्यापासून सांगावं लागलं, इथे शेवटचं सांगते. आमची शाळा चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ऑफिसात शिरलं आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. चिखल निथळल्यावर आम्ही रजिस्टरं सुटी करून वर्गातल्या बाकांवर पसरली, पानापानात टिपकागद घातला आणि आठवडाभर पंख्याखाली वाळवली. जुन्या निळ्या-काळ्या शाईच्या नोंदी बऱ्याचशा वाचल्या. अलीकडच्या जेल पेनच्या ओघळल्या. मग बुरशी धरली. १९५६ ते १९६१ चं रजिस्टर आज उघडलं तर पान तुकड्यांनी हातात येतं. म्हणून स्कॅनिंग केलं, ११ रजिस्टरं, ३,१४० पानं, आणि तुमची ड्राइव्ह घेतली. ‘दुसरी कॉपी का नाही ठेवली’ असं मला दोनदा विचारण्यात आलं. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलं आहे की सील न केलेली प्रत ठेवू नये, नाहीतर अस्सल कोणती असा वाद होतो. आम्ही ते पाळलं.

आता आजचा फोन. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट करून बघा.” मी म्हटलं, ही फॉरमॅट होत नाही, म्हणून तर घेतली. “होल्ड करा.” सहा मिनिटं. परत आला तो म्हणाला, “सीनियरशी बोललो. सेंटरला पाठवा, आम्ही लॉक काढून डेटा नवीन ड्राइव्हवर टाकतो आणि परत सील करून देतो.” मी विचारलं, लॉक काढता येतं? “सेंटरला येतं मॅडम.” आणि मग, मला मोठी सवलत देतोय अशा सुरात, “मधे कुठली नोंद चुकली असेल, नाव, जन्मतारीख, तर तेही सांगा. त्याच वेळी दुरुस्त करून मिळेल.”

मी या टेबलावर २६ वर्षं आहे. जनरल रजिस्टरमध्ये एक अक्षर बदलायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मूळ नोंद खोडून काढत नाही. तिच्यावर तांबड्या शाईने एक रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची, बाजूला आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. खालचं अक्षर वाचता आलंच पाहिजे. व्हाइटनरची बाटली मी या कपाटाजवळ कधी ठेवू दिली नाही. आणि तुमचा माणूस मला फोनवर जन्मतारीख बदलून द्यायला निघाला!

ही नुसती कागदाची माया नाही. ओबीसी दाखल्याच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि कित्येक घरांत तो म्हणजे आजोबांच्या शाळेतली एक ओळ. तीन आठवड्यांत एक गृहस्थ मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी तीनदा येऊन गेले. त्यांच्या वडिलांची १९५८ ची नोंद तुमच्या ड्राइव्हमध्ये आहे. कागदावर त्या जागी बुरशीचा काळा डाग आहे. त्यांना मी परवान्याचं काय सांगू?

सील करताना तुमच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक रजिस्टरचा ६४ अक्षरी हॅश दिला होता, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला, एक अक्षर बदललं तरी बदलणारा ठसा. ती यादी छापून, मुख्याध्यापकांची सही घेऊन मी फाइलला लावली आहे. त्यामुळे आत काही हललं तर आम्हाला कळेल. पण रजिस्टर पाण्यातून वाचवून परक्याच्या हाती किल्ली द्यायची असेल, तर तुमच्या सीलचे पैसे आम्ही कशाचे दिले?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रूपात जपलेली नोंद पुढे पाहता येईल, वापरता येईल अशी राहिली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र १ जुलै २०२४ पासून हॅशसह द्यावं लागतं. उद्या पडताळणी समितीने विचारलं की ही नोंद कोणी हात न लावता ठेवली आहे का, तर सही मी करायची. आजच्या फोननंतर ती मी कशाच्या जोरावर करू?

परवान्याशिवाय चालणारं रीडर द्या, तेही पैसे न घेता. आम्ही पानं टिफमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या चित्राच्या साच्यात) दिली होती, तुमच्या सॉफ्टवेअरने ती स्वतःच्या साच्यात कोंबली. ती जशीच्या तशी टिफमध्ये बाहेर काढायची सोय द्या. आणि लॉक काढायची किल्ली कोणाकडे आहे, आजवर किती ग्राहकांचं लॉक काढलं, हे कंपनीच्या शिक्क्यासह लिहून द्या. परवान्याचे पैसे भरून विषय मिटवा असं पुन्हा सुचवू नका.

तुमचं नाव मी स्वतः तालुक्यातल्या दोन शाळांना सुचवलं होतं. त्यांना आजच फोन करून सगळं सांगितलं.

पंधरा दिवस थांबते. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज, दोन्ही. ड्राइव्ह सेंटरला पाठवणार नाही. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात आहे. तुमचा जाणकार माणूस इथे पाठवा, आमच्यासमोर उघडू दे आणि निघणारं प्रत्येक रजिस्टर माझ्या यादीशी ताडून दाखवू दे.

मुख्य लिपिक

सोबत : बिलाची प्रत, हॅशच्या यादीची प्रत, आठही फोनच्या तारखा आणि वेळा