कर्णबधिर मुलीला बॉक्सिंग शिकवताना

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

शेजारच्या मुलीला ऐकू येत नाही, तिला बॉक्सिंगला घालावं का, असं बाबा तुम्ही विचारलंत. जरूर घालावं. फक्त तिला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल, तर डोक्याला ठोसा लागेल असा कोणताही सराव नको, हेडगार्ड घालूनसुद्धा नको. हेडगार्डने कातडी फुटणं कमी होतं, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. पॅड (प्रशिक्षकाने हातात धरलेली, ठोसे मारायची गादी), बॅग, दोरी आणि पायांच्या हालचाली यांतही वर्षानुवर्षं शिकण्यासारखं आहे. साधं श्रवणयंत्र असेल तर स्पारिंगआधी, म्हणजे जोडीदाराशी ठोशांच्या सरावाआधी, काढून ठेवायचं.

आई, सूचना तिला कळतील का, ही काळजी नको; कळतील. पॅडचा सराव मुळात डोळ्यांचाच. पॅड समोर उभा धरला की जॅब (सरळ ठोसा), जमिनीकडे झुकवला की अपरकट (खालून वर), आत वळवला की हुक (बाजूने). अडचण होते ती प्रशिक्षक पाठमोरा बोलतो तेव्हा, आणि ग्लव्ह्ज चढवल्यावर. मग तिला हातांनी खुणा करता येत नाहीत आणि माउथगार्डमुळे जोडीदाराचे ओठही वाचता येत नाहीत. म्हणून सराव ग्लव्ह्ज घालण्याआधी तिच्यासमोर उभं राहून करून दाखवायचा आणि थांबण्याची खूण पक्की करायची: आधी एक पाऊल मागे, मग हात वर. ही खूण अख्ख्या वर्गाने शिकायची. तिला एकटीला वेगळ्या कोपऱ्यात उभं करणं मला मुळीच पटत नाही.

फेरीच्या घंटेबरोबर चारही बाजूंनी दिसेल असा दिवा हवा. धोका असतो तो घंटेनंतरच्या सेकंदात: ऐकू येणारी जोडीदार हात खाली सोडते, हिला अजून कळलेलं नसतं आणि ठोसा जातो. त्यामुळे जोडीदाराने गार्ड (चेहऱ्यासमोर धरलेले हात) तसाच ठेवून मागे सरायचं.

काही कर्णबधिर मुलांच्या अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भागही कमजोर असतो. मुलगी वळताना हेलपाटते का, हे पहिल्याच दिवशी बघायला हवं. तसं असेल तर पाय थोडे जास्त फाकवून उभं करायचं, डोकं झुकवून ठोसा चुकवण्याचे सराव पुढे ढकलायचे. प्रशिक्षक कधीकधी याला आळस समजून ओरडतात, तेही तिच्या पाठीमागून.

तिच्या आईला एक वर्ग नुसता बसून बघायला सांगा. प्रशिक्षक बोलण्याआधी मुलांची नजर आपल्याकडे वळवतो का, आणि नवख्यांना पहिल्याच आठवड्यात स्पारिंगला उतरवत नाही ना, एवढं बघितलं तरी पुरे.

तुमची,
लेक