‘ऐ मेरे वतन के लोगों’चे संगीतकार

संपादक महोदय,

प्रजासत्ताक दिन जवळ आला की ‘ऐ मेरे वतन के लोगों’ सर्वत्र ऐकू येते. लता मंगेशकर यांचे नाव घेतले जाते, कवी प्रदीप यांचेही क्वचित घेतले जाते, परंतु पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांचा उल्लेख बहुधा राहूनच जातो, याची मनापासून खंत वाटते.

१९६२च्या चीन युद्धातील पराभवाने देश खचलेला असताना, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत हे गीत प्रथम गायले गेले. ते कोणत्याही चित्रपटासाठी रचलेले नव्हते. विजयाचा जल्लोष शक्यच नव्हता आणि नुसता विलापही शोभला नसता. संगीतकाराने हा तोल अचूक ओळखला. आरंभीच्या ओळी ठेक्याविना, जवळजवळ बोलल्यासारख्या येतात, त्यामुळे श्रोता आधी शब्दांपाशी थांबतो आणि मगच लय सुरू होते. पुढे कडव्यांतून युद्धाची कथा उलगडते, पण वाद्यमेळ कुठेही आवाजावर कुरघोडी करत नाही, आणि शेवटच्या ‘जय हिंद’मध्ये समूहस्वर मिसळतात तेव्हा एका व्यक्तीचा शोक साऱ्यांचा होतो. ‘शहनाई’ या चित्रपटात पाश्चात्त्य ठेक्यांवर देशाला डोलायला लावणाऱ्या संगीतकाराने हा संयम दाखवावा, हे मला विशेष मोलाचे वाटते.

आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि शाळांनी या गीतापूर्वी तिन्ही नावे सांगावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, नाशिक