‘थोडं जास्त चाला’ हा सल्ला कोणासाठी?

महोदय,

माझ्या धाकट्या बहिणीला एका डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही’ म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी ‘नैराश्य आहे’ आणि तिसऱ्यांनी ‘रोज थोडं जास्त चाला’. तिसरा सल्ला तिने इमानेइतबारे पाळला आणि ती अंथरुणाला खिळली. तिचा आजार क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणारा टोकाचा थकवा. त्याची खूणच ही: झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम झाले की त्रास उसळतो, तोही बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी, आणि कधीकधी आठवडे उलटले तरी ओसरत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत हे दिसत नाही. खात्रीने निदान करणारी चाचणी अजून नाही. निकषही जुळत नाहीत. अमेरिकेतल्या २०१५च्या अहवालाने लक्षणं सहा महिने असावीत असं म्हटलं, तर ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये तीन महिने पुरेसे मानले. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार ‘नाइस’नेच २००७ मध्ये सुचवला होता, तो २०२१ मध्ये मागे घेतला. काही तज्ज्ञांना हा बदल आजही मान्य नाही. त्यांनी वाद जरूर घालावा. पण रुग्ण ‘चालल्यावर मी पार कोसळते’ म्हणत असेल, तर ते किमान केसपेपरवर लिहून घ्यावं. बहिणीच्या जाडजूड फाइलमध्ये ती ओळ कुठेच नाही.

— एक वाचक