सर, मधली वीस वर्षं सांगितल्याबद्दल

आदरणीय सरांना साष्टांग नमस्कार,

हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. पाकिटात घालून पाठवलं असतं तर तुम्ही लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलं असतंत आणि मूळ मुद्द्यावर एक अक्षर बोलला नसतात. अनुभव आहे. २०१३ साली बँकेतल्या क्लार्कची ऑर्डर हातात पडली तेव्हा मी पेढे घेऊन आले होते. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि विचारलंत, "हजर झाल्याचा अर्ज कन्नडमध्ये लिहायला येतोय न्हवं?" त्यात आभार मानायचे राहून गेले ते गेलेच.

कर्नाटकात सीमेवरच्या आपल्या निपाणीतल्या तुमच्या कट्ट्यावर मी पहिल्यांदा आले ती २०१२ च्या पावसाळ्यात, रडकुंडीला येऊन. परगावच्या एका क्लासने सहा महिन्यांची फी घेतली होती आणि तिसऱ्या महिन्यात दाराला कुलूप. ती फी आजीच्या पाटल्या मोडून भरलेली. आजीने उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला, तिच्या लुगड्याचा वास धुऊनही जायचा नाही. तिला तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या काकू मला तुमच्याकडे घेऊन आल्या. "बँकेतनं रिटायर झाल्यात, पोरांस्नी फुकट शिकवत्यात," एवढीच तुमची ओळख.

फुकट हे काही खरं नव्हतं. तुमची फी होती, आणि ती काकूंना ठाऊक नव्हती. बाजारदिवशी बँकेच्या दारात बसून दहा जणांच्या पैसे काढायच्या स्लिपा भरून द्यायच्या, मग संध्याकाळी कट्ट्यावर यायचं. स्लिपेवर कन्नड, हिंदी, इंग्रजी. समोरच्या बाईला तिन्ही नाहीत. पहिल्या दिवशी मी चार स्लिपा चुकवल्या. एका म्हातारीचा खातेनंबर उलटसुलट लिहिला आणि काउंटरवरच्या साहेबांनी तिलाच फैलावर घेतलं. मी मान खाली घालून उभी. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "उद्या तू काउंटरच्या पलीकडं बसशील तवा ही म्हातारी डोळ्यापुढं ठेव." एवढंच. नंतर गणितं सोडवायला लावलीत.

मला पत्र लिहायचं आहे ते मात्र चिंतामणराव देशमुखांबद्दल.

"कोण व्हायचंय?" असं तुम्ही विचारलं होतंत, आणि मी गाइडात पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जन्म १४ जानेवारी १८९६, रायगडाजवळचं नाते गाव. १९१२ ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिज, वनस्पतिशास्त्र. १९१८ च्या आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या सनदी नोकरीच्या परीक्षेत पहिले. ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. मी दम घेतला. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "पहिला, पहिला, पहिला, आणि एकदम गव्हर्नर. मधली वीस वर्षं माणूस काय झोपला होता काय?"

कट्ट्यावरची पोरं हसली. मला राग आला होता सर, आज सांगते. तीनदा नापास झालेल्या मुलीला पहिल्या नंबरची गोष्ट पाठ करावी लागते, कारण गाइडात तेवढीच असते. मधल्या वर्षांचं पान कुणी छापत नाही.

ते पान तुम्ही पुढचे दोन महिने तोंडी सांगितलंत, दर गुरुवारी थोडं थोडं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली नोकरी. कधी सचिवालयात अवर सचिव, कधी जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर, कधी जमाबंदी अधिकारी. जमाबंदी म्हणजे काय हे आम्हाला कळावं म्हणून तुम्ही शेजारच्या शेतकऱ्याचा उतारा मागून आणलात: कुणाची जमीन, किती आकार, कोण कसतो, पाणी कुठून. नंबर पहिला आला म्हणून हे काम चुकत नाही, सायबाला बी बांधावर उभं राहावं लागतं, हे तुमचं वाक्य. पुढे त्याच प्रांताचे ते अर्थसचिव झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत सचिवांपैकी एक म्हणून लंडनला गेले. आणि केंद्राने प्रांतांना किती पैसा द्यावा याची चौकशी करायला इंग्रज अर्थतज्ज्ञ ऑटो निमायर आले, तेव्हा आपल्या प्रांताची बाजू मांडणारं टिपण त्यांनी लिहिलं. "टिपण," तुम्ही बोट वर करून म्हणायचात, "भाषण न्हाई. टिपण."

मग जुलै १९३९. रिझर्व्ह बँकेत ते आले ते गव्हर्नर म्हणून नव्हे, लायझन ऑफिसर म्हणून. सरकार आणि बँक यांच्यामध्ये निरोप्यासारखा बसलेला माणूस, असं तुम्ही समजावलंत. बँक तरी केवढी जुनी? १ एप्रिल १९३५ ची, जेमतेम चार वर्षांची. दोन महिन्यांत महायुद्ध पेटलं. थोड्याच दिवसांत ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर जेम्स टेलर गेले आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये खुर्चीवर पहिल्यांदा भारतीय माणूस बसला.

घरी जाऊन मी हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "गव्हर्नर म्हंजे ते राजभवनात झेंडा लावत्यात ते न्हवं?" मी म्हटलं, न्हवं, हे नोटेवर सही करतात ते. आजीला ते पटलं. राजभवनापेक्षा नोट तिच्या ओळखीची होती.

आणि तुमच्याकडे ती नोटच होती! कन्नड-मराठी शब्दकोशात खूण म्हणून ठेवलेली, सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र असलेली जुनी दोन रुपयांची नोट, तिच्यावर इंग्रजीत देशमुखांची सही. हातात द्यायचात, पण बोटं पुसून. राजा त्यांचा, सही आपल्या रोह्याच्या देशमुखांची. तुमच्या वडिलांनी ती का मोडली नाही, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

युद्धात भाव का चढले हे मला परीक्षेच्या कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं, ते त्या नोटेवरून कळलं. ब्रिटिश सरकार इथून धान्य, कापड, लोखंड सगळं उचलायचं, आणि पैसे लंडनमध्ये पौंडात जमा करायचं. त्या पौंडांच्या तारणावर इकडे रिझर्व्ह बँकेने रुपये छापायचे. माल गेला, नोटा आल्या. "आपल्या तंबाखूवाल्याला विचार," तुम्ही म्हणालात. "पाला व्यापाऱ्याच्या वखारीत, शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा मोठा असतोय. पर चुलीवर शिजत न्हाई." निपाणीच्या पोरीला यापेक्षा सोपं कोण सांगणार? १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसलेले शेतकरी आमच्या नात्यातले होते. चिठ्ठी म्हणजे काय हे आमच्या घरात लहान मुलालाही कळतं.

ती लंडनमधली थकबाकी युद्ध संपेपर्यंत हजार कोटी रुपयांच्या वर गेली होती. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरली, तिथे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. आपल्या या थकबाकीचा प्रश्न आपल्या लोकांनी तिथे मांडला, पण तो परिषदेच्या कामात घेतला गेला नाही. तुम्ही हे सांगताना आवाज खाली आणायचात. गाइडात "ब्रेटन वुड्स परिषदेत सहभाग" एवढंच असतं. गेले, मागितलं, मिळालं नाही, आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी कामाला बसले, हे नसतं. तेव्हा माझा तिसरा निकाल नुकताच लागलेला होता. तुम्ही तो गुरुवार मुद्दाम निवडलात की काय, हे मी अजून विचारलेलं नाही.

फाळणीचं तर तुम्ही गणितच घातलं होतंत. एक बँक, दोन देश. भारतीय नोटांवरच "गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान" छापून त्या तिकडे चालवायच्या, आणि ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक आपलीच. माणसं एकमेकांना कापत होती आणि ही माणसं मुंबईत बसून दोन्हीकडचा ताळेबंद जुळवत होती. त्यानंतर १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण, त्याच वर्षी बँकांवर देखरेखीचा कायदा, आणि जूनअखेर देशमुख पायउतार. हे मी परीक्षेत लिहिलं, गुणही मिळाले. पण जानेवारी १९४६ ला, त्यांच्याच कारकिर्दीत, पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या होत्या, हे आठवलं २०१६ च्या नोव्हेंबरात. मी काउंटरच्या आत होते, बाहेर रांग थेट रस्त्यापर्यंत. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला होता. आपलं त्यावर जमलं नाही. तुम्ही म्हणालात सोसावं लागतंय, मी म्हटलं दहा हजाराची नोट १९४६ ला कुणाकडे होती आणि पाचशेची आत्ता कुणाकडे आहे ते बघा की. तुम्ही गप्प झालात. माझ्या आठवणीत तेवढं एकदाच.

आता कन्नडचं. हे लिहायला मला जरा जड जातं, कारण आपल्या भागात हा विषय निघाला की माणसं आधी तुमची बाजू विचारतात. शाळेत मला कन्नड विषय होता, पण पास होण्यापुरता. क्लार्कच्या भरतीत राज्याची भाषा यायला हवी, हे कळल्यावर मी म्हटलं होतं, आपण मराठी, आपण का शिकायचं? तेव्हा तुम्ही मला १९५६ सांगितलंत.

तुम्ही चौदा वर्षांचे होतात. जानेवारीत रेडिओवर मुंबई केंद्रशासित करणार असं जाहीर झालं, दुसऱ्या दिवशी इकडे गोळीबार. दर १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो ते त्याचंच. देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते, कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे खासदार. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं ठरलं, ते आदल्याच वर्षी त्यांच्या हातून. मुंबईबाबत जे झालं, जशी माणसं मारली गेली, ते मान्य नाही म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. जुलैमध्ये लोकसभेत उभं राहून कारणं सांगितली. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी पेपरातला फोटो कापून भिंतीला डकवला.

१ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. १ मे १९६० ला मुंबई महाराष्ट्राची झाली. आपण आहोत तिथेच आहोत.

"त्यांनी राजीनामा मुंबईसाठी दिला, आपल्यासाठी न्हाई," तुम्ही म्हणालात, "तरी फोटो आमच्या भिंतीला होता." आणि लगेच, त्याच दमात, "चल, पान काढ. 'सही माड्री' लिहून दाखव." म्हणजे 'सही करा', कन्नडमध्ये. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेधफेरीत तुम्ही दरवर्षी पुढे. आणि बाजारदिवशी बँकेच्या दारात बसून पोरांना कन्नड अक्षरं गिरवायला लावणारेही तुम्हीच. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात, असं मला आधी वाटायचं. चिंतामणरावांनी तेलुगू दुर्गाबाईंशी लग्न केलं, मेघदूत मराठीत आणलं आणि मुंबईपायी मंत्रिपद सोडलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हापासून वाटत नाही.

आजी गेली २०१९ ला. तिचं बचत खातं मीच उघडून दिलं होतं. अंगठा नको म्हणाली, सही शिकीन म्हणाली, आणि शिकली. कन्नडमध्ये नव्हे, बरं का! मराठीत. सहीचा नमुना घेताना तिची 'ल'ची शेपटी चौकटीबाहेर गेली, तरी आमच्या मॅनेजरसाहेबांनी ते कार्ड बदलायला लावलं नाही. ते हुबळीचे होते.

सध्या मी अथणी तालुक्यात आहे, ऑफिसर म्हणून. काउंटर सुटला, पण बाजारदिवशी मी बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसते. कुणी स्लीप घेऊन आलं तर भरून देते. कॅशियर हसतो. हसू दे.

तुम्ही ऐंशी ओलांडली, गुडघे दुखतात, आता कट्ट्यावर दोनच पोरं येतात असं काकू सांगत होत्या. येत्या शनिवारी मी येते. बेळगावी कुंद्याची मिठाई आणत नाही, तुमची साखर मला ठाऊक आहे. लेक बरोबर असेल. ती तिसरीत आहे, शाळेत कन्नड वाचते माझ्यापेक्षा झरझर, आणि मी सांगितलेल्या दोन रुपयांच्या नोटेवर तिचा अजून विश्वास बसलेला नाही. कृपा करून नोट शब्दकोशातून आधी काढून ठेवू नका. पान तिला शोधायचं आहे.

तुमची,
कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसणारी